अण्णांचा डावा गाल

माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर ‘बॉडी’ नावाचं एक फोल्डर आहे. नाव ऐकून नवखा माणूस दचकतो, पण फ्लेक्सचा धंदा करणाऱ्या कुणालाही विचारा, त्याच्याकडे ते असतंच. त्यात मुंडकं नसलेली माणसं आहेत. निळा ब्लेझर, पांढरा सदरा आणि वर नुसताच फेटा, सफारी, जरीच्या काठाची साडी आणि डोक्यावरून घेतलेला पदर. गिऱ्हाईक गेलेल्या माणसाचा फोटो घेऊन येतं. तो बहुधा कुणाच्यातरी लग्नातल्या घोळक्यातला असतो. मी त्यातून चेहरा कापते, शोभेल अशी बॉडी निवडते, मानेजवळचा सांधा पुसते, रंग दोन छटा उजळ करते आणि वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकते. ज्यानं स्वतःच्या लग्नातसुद्धा ब्लेझर घातला नाही, तो माणूस संध्याकाळी कुरुळीच्या चौकात ब्लेझर घालून उभा असतो.

लोकांना हे हवं असतं, माझ्यावर रागावू नका. एक गाववाले आपल्या वडिलांचा फोटो घेऊन आले होते. म्हणाले, “ताई, आमच्या म्हाताऱ्याच्या तोंडावर जरा तेज आणा की. आन् गळ्यातली साखळी जाड करा. व्हती त्याच्याकडं, कपाटात व्हती.” मी केली जाड. बौद्ध घरांसाठी निळ्या रंगाचं वेगळं डिझाइन ठेवलंय, त्यात ‘जलदान विधी’ आणि ‘पुण्यानुमोदन’ लिहिलेलं असतं. तिथं चुकून ॐ राहिला तर माझी धडगत नाही, आणि ते बरोबरच आहे. एकदा मी वीस वर्षं विधवा असलेल्या एका आजींना मंगळसूत्राची बॉडी लावली. सुना तणतणत आल्या. मागून आजींची थोरली लेक आली, फ्लेक्सकडे बघत राहिली आणि म्हणाली, “राहू द्या. छान दिसतीय आई.” सुना फ्लेक्स घेऊन गेल्या. तेव्हापासून मला वाटायला लागलं, की आपण गेलेल्या माणसाचं काहीतरी भलंच करतो. या समजुतीत मी बरीच वर्षं सुखात होते.

मग अण्णा गेले.

अण्णा म्हणजे माझे वडील. लातूरकडून तरुणपणी पिंपरी-चिंचवडला आले आणि एका फाउंड्रीत लागले. मी तीन वर्षांची असताना ओतकामाच्या वेळी पातळ लोखंड उडालं आणि त्यांचा डावा गाल भाजला. डोळा वाचला, गाल मात्र गेला. मला कळायला लागलं तेव्हा ते सगळं जुनं झालेलं होतं. अण्णा असेच असतात, एवढंच मला माहीत होतं. अण्णांच्या काही सवयीही तशाच माहीत होत्या. रस्त्यानं चालताना गाड्या कुठल्याही बाजूनं येवोत, मी त्यांच्या उजव्या हातालाच चालायचं. बसमध्ये ते डावीकडची खिडकी धरायचे आणि मला आतल्या बाजूला बसवायचे. फोटो काढताना मान अशी वळवायचे, की बाजूच्या माणसाशी बोलतायत असं वाटावं. घरातल्या सगळ्या फोटोंत अण्णा कुणाशीतरी बोलतायत. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये तर ते पानोपानी मांडवाच्या खांबाशी बोलतायत, असं म्हणून मी त्यांना चिडवायची. ते हसायचे, तेही उजव्या बाजूनं.

समोरून काढलेला त्यांचा धड असा एकच फोटो होता. अपघातानंतर कामावर परत गेले तेव्हा कंपनीच्या ओळखपत्रासाठी काढलेला. पुढे कंपनीनं नवी कार्डं दिली, पण हे जुनं त्यांच्या खिशातच राहिलं. रिटायर झाल्यावर एकदा ते माझ्या दुकानात आले, कार्ड टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, “हे तेवढं तुझ्या कॉम्प्युटरात घालून ठेव. लागंल पुढं.” मी म्हटलं, “काहीतरीच काय अण्णा.” पण स्कॅन करून ठेवलं.

ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ती फाइल उघडली. दहाव्यासाठी फोटो हवा होता, आणि गल्लीच्या तोंडाला लावायला फ्लेक्स. दुकानात कामाला असलेल्या मुलीला मी घरी पाठवलं, म्हटलं हे माझ्या हातानं करते. डोळे भरून येत होते, पण हाताला सवय होती. उजवा अर्धा चेहरा उचलला, आरशासारखा उलटा केला आणि डावीकडे बसवला. नाकाजवळचा सांधा पुसला. भांग सरळ केला. अण्णा एकदम असे दिसायला लागले, की मी हुंदका देऊन रडले. वाटलं, जन्मभर जे त्यांना लपवावं लागलं ते मी त्यांच्या अंगावरून उतरवलं. सेव्ह केलं.

सेव्ह केलं ते मूळ फाइलवरच. गिऱ्हाइकांच्या फोटोंची मी दोन-दोन ठिकाणी प्रत ठेवते, घरच्या माणसाची एकही ठेवली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आणि ते कार्ड? ते आदल्या दिवशी माझ्या चुलतभावानं अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात परत सारलं होतं. कायम जवळ असायचं, असू दे म्हणाला. ते त्यांच्याबरोबर गेलं.

मोशीच्या घाटावर दहावा झाला. कावळा लगेच शिवला. कावळ्याला कुठं फोटो बघायचा असतो. आलेले लोक मात्र फोटोपुढे थांबत होते. “काय तेज आहे चेहऱ्यावर,” असं किमान दहा जणांनी म्हटलं असेल, आणि मला त्याही परिस्थितीत बरं वाटत होतं. आई फोटोपासून लांब, घाटाच्या पायरीवर बसून होती.

तेराव्यानंतर मी आईला मोशीला माझ्याकडे घेऊन आले. फोटो हॉलमध्ये लावला, चंदनाचा हार घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी आई त्याच्यापुढे उभी होती. मला म्हणाली, “ह्यो कोण?”

म्हाताऱ्या माणसांना असं विसरायला होतं, ऐकलेलं असतं. मी हळूच म्हटलं, “आई, अण्णा आहेत.”

“न्हाईत.”

“अगं, अण्णाच. मीच केलाय फोटो.”

“डोकं ठिकाणावर हाय माझं,” आई म्हणाली. “तू केलास ते दिसतंय. माझा माणूस न्हाई ह्यो.”

मला संताप आला. आठ-आठ तास स्क्रीनपुढे बसून लोकांच्या बापांना देखणं करते, आणि स्वतःच्या बापाला केलं तर हे. मी तिला ऐकवलंही थोडं. तिनं वाद घातला नाही. रोज देवापुढे दिवा लावायची, अण्णांच्या फोटोवरची धूळ मात्र टीव्ही पुसावा तशी पुसायची आणि पुढे जायची. असे महिने गेले. वर्षश्राद्ध महिन्या-दीड महिन्यावर आलं तेव्हा एके दिवशी भाजी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता म्हणाली, “वर्साला ह्योच फोटू मांडणार असशील तर मी समोर बसणार न्हाई. परक्या माणसाला कशी हात जोडू मी?”

मी बघते म्हटलं. आणि काही बघितलं नाही, कारण मला ते पटलेलं नव्हतं.

त्याच सुमाराला मोशीतल्या एका शाळेतून इतिहासाच्या बाई आल्या. शाळेत प्रदर्शन होतं आणि त्यांच्या वर्गाकडे प्राचीन इजिप्त आलं होतं. पेनड्राइव्हमध्ये चित्रं, वहीत हातानं लिहिलेला मजकूर. बारा मोठे फलक करायचे होते. विषय काय, तर ममीवर घालायची रंगवलेली आवरणं. मी मनात म्हटलं, या गावात मेलेल्या माणसांचं काम असलं की ते माझ्याच दारात येतं, मग ते कुठल्याही देशाचं असो.

बाई मोठ्या हौशी होत्या. मजकूर टाइप करताना शेजारी खुर्ची घेऊन बसायच्या आणि मी अडले की समजावून सांगायच्या. पेटीच्या आत, पट्ट्यांत गुंडाळलेल्या देहावर एक चितारलेलं कवच असायचं. कापडाचे थर एकावर एक चिकटवायचे, वर पांढरा लेप द्यायचा आणि तो वाळला की रंगवायचं. आपल्याकडे कागदाच्या लगद्याचा मुखवटा करतात, साधारण तसलंच काम. कधी ते अखंड असायचं, तर कधी तोंडाचा मुखवटा वेगळा, छातीवरचा तुकडा वेगळा, पायांचा वेगळा. छातीवर पंख पसरलेली देवी, म्हणजे गेलेल्या माणसाला तिनं पंखाखाली घेतलेलं. खाली कोल्ह्याच्या तोंडाचा देव बाजेवरच्या देहावर वाकलेला. आतडी, जठर, यकृत आणि फुप्फुसं यांची राखण करणारे चार भाऊ. तराजूच्या एका पारड्यात काळीज आणि दुसऱ्यात पीस, म्हणजे गेलेल्या माणसाच्या पाप-पुण्याचं वजन. काही आवरणांच्या तळपायावर तर हात बांधलेले शत्रू काढलेले असत, म्हणजे माणूस मेल्यावरही त्यांना तुडवत चालणार. हे वाचून मला आमच्या भागातल्या दोन-तीन पुढाऱ्यांचे वाढदिवसाचे फ्लेक्स आठवले, पण ते बाईंना सांगितलं नाही.

तोंडाचा मुखवटा मात्र सगळ्यांचा सारखाच. मोठे डोळे, गुळगुळीत गाल, ऐपत असेल तर सोन्याचा मुलामा. मी विचारलं, “बाई, हे सगळे एकाच घरातले का? तोंडं एकसारखीच आहेत.”

बाई हसल्या. “देवांचं अंग सोन्याचं असतं, अशी त्यांची समजूत होती. मेलेला माणूस आता देवांमध्ये गेला, म्हणून त्याला सोन्याचं तोंड. म्हातारपण, आजार, यातलं काही दाखवायचं नाही. काही काही ठिकाणी तर तयार पेट्या मिळायच्या, नावाची जागा मोकळी ठेवलेली. माणूस मेला की नाव भरायचं. एखाद्याचं भरायचंच राहून जायचं.”

म्हणजे त्यांच्याकडेही ‘बॉडी’चं फोल्डर होतं. मला इतका आनंद झाला, की मी बाईंना चहा मागवला. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी माझ्यासारखंच बसून गाल गुळगुळीत करत होतं आणि त्याला कुणी ‘हा कोण’ म्हणून विचारलं नव्हतं. घरी जाऊन हे आईला ऐकवायचं, असं मी ठरवलंसुद्धा.

पुढच्या फलकावर एका पक्ष्याचं चित्र होतं, धड पक्ष्याचं आणि तोंड माणसाचं. बाई म्हणाल्या, हा त्या माणसाचा जीव. दिवसा बाहेर हिंडतो आणि परत देहाकडे येतो. त्याला आपला देह ओळखू यावा म्हणूनही तो मुखवटा, असं अभ्यासक सांगतात. मी ते टाइप केलं, पण माझा हात जरा मंदावला. सगळ्यांची तोंडं सारखी असतील तर तो ओळखणार कसा, हे विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. उत्तर काय येईल याची धास्ती वाटली असणार.

शेवटचे दोन फलक त्याच देशातले, पण पुष्कळ नंतरच्या काळातले होते. रोमन लोकांचं राज्य आल्यावर काही घरांतून सोन्याच्या मुखवट्याऐवजी लाकडाच्या पातळ फळीवर त्या माणसाचा चेहरा रंगवून घ्यायला लागले आणि ती फळी ममीच्या तोंडावर पट्ट्यांत बसवायला लागले. मेणात कालवलेले रंग. हे चेहरे बघून मी चमकले. एखाद्याच्या मोबाइलमधून काढून दिल्यासारखे, एकेक वेगळा. त्यांत एका कोवळ्या मुलाचा होता. फाइल जुनी, जागोजागी ओरखडे. मी सगळी चित्रं साफ केली, हेही केलं आणि छापायला लावलं.

दुसऱ्या दिवशी बाई फलक न्यायला आल्या. एकेक उलगडून बघत होत्या. त्या मुलाच्या फलकाशी थांबल्या.

“याच्या डोळ्याखालची खूण कुठे गेली?”

“कसली खूण? ओरखडा होता, तो काढला मी.”

“ओरखडा नव्हता हो तो,” बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण चिडल्या होत्या. “त्याची खालची पापणी कापलेली आहे. डोळ्यावर काहीतरी शस्त्रक्रिया झाली असावी, असं जाणकार म्हणतात. चित्रकारानं ती जशीच्या तशी रंगवली. त्यासाठीच तर मी हे चित्र घेतलं. पोर गेलं, आणि घरच्यांनी त्याचा चेहरा जसा होता तसा मागितला. खाली मजकूर लिहिलाय ना मी. तुम्हीच टाइप केलात.”

खरंच मीच केला होता. खालच्या ओळीत ‘पापणीवरची खूण पाहा’ असं मोठ्या अक्षरात होतं आणि वर पोराचा डोळा धुतल्यासारखा स्वच्छ. मी अक्षरं वाचली होती, चेहरा बघितला होता आणि हातानं आपल्या सवयीनं पुसून टाकलं होतं.

मी म्हटलं, “फुकट करून देते बाई, उद्या न्या.” बाई गेल्यावर शटर अर्धं खाली ओढलं आणि बसून राहिले. आई इतके महिने जे म्हणत होती ते आता मला कळलं आणि कळल्याबरोबर लाज वाटली. आईचा माणूस मी तिच्याकडून काढून घेतला होता, आणि वर तिलाच ऐकवलं होतं. वर्षश्राद्धाला तीन आठवडे होते. म्हटलं, करू. जे काढता येतं ते परत घालताही येतं. माझा धंदाच आहे तो.

मी अण्णांची फाइल उघडली, स्क्रीनवर चितारायचं पेन हातात घेतलं आणि डाव्या गालावर टेकवलं. पुढे हात हलेना.

डाग कुठून सुरू होत होता? कपाळापासून, की कानापासून? भुवई शाबूत होती का? ओठापर्यंत येत होता का? मी पस्तीस वर्षं त्या चेहऱ्याबरोबर जेवले होते. गेल्यावर त्यांना दवाखान्यातून आणलं तेव्हा तोंडाला पांढरी पट्टी बांधलेली होती, गुलाल होता, फुलं होती आणि मी त्यांच्या उजव्या हाताला उभी होते. सवयच होती ती. अनोळखी माणसाचा हनुवटीखालचा तीळसुद्धा मला लक्षात राहतो. बापाच्या गालावर काय होतं ते मला सांगता येईना.

आधारकार्ड काढलं. त्यावर डावा गाल म्हणजे नुसती काळी सावली. आधारकार्डावर कुणाचाही बाप कुणालाही खपून जाईल. अण्णांचे एक जुने सहकारी चिंचवडला राहतात, त्यांना फोन लावला. ते म्हणाले, “अगं, मोठा होता. कपाळापासून पार हनुवटीपर्यंत. मीच उचललं की त्यांना त्या दिवशी.” चुलतभावाला विचारलं, तर तो म्हणाला, “एवढा कुठं? गालावर रुपयाएवढा. काय करायचंय आता तुला त्याचं?” मला स्वतःला चंद्रकोरीसारखा काहीतरी आठवत होता. मी तीन तऱ्हांचे तीन चेहरे केले. तिन्ही ठिकाणी डाग भिंतीला ओल आल्यासारखा दिसत होता. अण्णा तिन्हींत नव्हते.

दोन आठवडे असे गेले. शेवटी एका रविवारी दुपारी आई मेथी निवडत बसली होती, तिच्यापुढे जाऊन बसले. आयुष्यात सांगायला इतकं जड दुसरं काही गेलं नसेल. म्हटलं, “आई, फोटो परत करायचाय मला. पण डाग कसा होता ते मला आठवत नाही.”

मला वाटलं, आता बोलेल. तिनं मेथीची जुडी बाजूला ठेवली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, “इकडं कर तोंड.”

तिनं माझ्या डाव्या गालावर बोट टेकवलं. “हितून. भुवईचं शेपूट नव्हतं त्यांना, जळालं ते आलंच न्हाई परत. मग असं कानाकडं. कानाची पाळी चिकटली व्हती. मग असं खाली, हितं रुंद.” बोट सावकाश उतरत होतं. मधे थांबून डोळे मिटून घ्यायची, मग पुढे सरकायची. “हितं गुळगुळीत व्हतं, लेकराच्या कातड्यावाणी. अन् हितं सुरकुत्या. ओठाच्या कोपऱ्याला येऊन थांबायचं. त्यानं ओठ वढला जायचा, म्हनून च्या सांडायचा त्यांचा.”

“तुला इतकं कसं लक्षात आहे?”

“रोज खोबरेल कोन लावायचं?” आई म्हणाली. “वढ बसायची कातड्याला.”

मी तिच्या बोटामागून काजळाच्या पेन्सिलीनं माझ्या गालावर रेघ ओढून घेतली. तसाच गाल घेऊन दुकानात गेले. वाटेत सिग्नलला लोक बघत होते, बघू देत. तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी आईनं स्क्रीनकडे बघितलं. ओठाचा कोपरा अजून जरा वर, म्हणाली. मी केला. मग ती पदराचा शेव तोंडावर दाबून बसली. खूप वेळ बसली.

वर्षश्राद्धाला तो फोटो पाटावर मांडला. आई समोर बसली, फूल वाहिलं, हात जोडले. आलेले लोक फोटोपुढे थबकत होते आणि पटकन पुढे सरकत होते. चुलतभाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, “हे कशाला दाखवायचं चारचौघांत? तुझ्या हातात होतं ना, झाकून टाकायचं.” मी म्हटलं, “भावा, तू जेवायला बस.” मी खुशीत होते, खोटं कशाला बोलू. वाटत होतं, चूक झाली होती ती निस्तरली. अण्णांना त्यांचा चेहरा मिळाला आणि आईला तिचा माणूस.

पाहुणे पांगल्यावर दुपारी आम्ही दोघी उष्टी ताटं आवरत होतो. मी सहज बोलून गेले, “आई, अण्णा उगाचच लाजायचे बघ जन्मभर. एवढं काय होतं त्यात? सरळ उभं राहायचं ना फोटोला.”

आईनं हातातलं ताट खाली ठेवलं.

“लाजायचे न्हाईत ते,” ती म्हणाली. “ते काय चोर व्हते का लाजायला? कंपनीत, बाजारात, कुटं बी तोंड वर करून जायचे. तू असलीस की तेवढं फिरवायचे.”

मी काही म्हणायच्या आत तिनंच सांगून टाकलं. इतक्या वर्षांचं आत ठेवलेलं, एकदा तोंड उघडल्यावर तिला थांबता आलं नाही. दवाखान्यातून पट्ट्या काढून अण्णा घरी आले, त्या दिवशी मी दारात धावत गेले होते. त्यांनी मला उचलायला हात पुढे केले. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि अशी किंचाळले, की शेजारपाजारची माणसं गोळा झाली. दोन दिवस मला ताप होता. अण्णा खोलीत आले की मी आईच्या पदरात तोंड खुपसायची. आठवडाभर ते तोंडावर टॉवेल घेऊन कोपऱ्यात बसले. मग एकदा असेच भिंतीकडे तोंड करून जेवत असताना मी उजव्या बाजूनं त्यांच्याजवळ गेले आणि ताटातला घास मागितला.

“तवा कळलं त्यांला, ह्या बाजूनं लेकरू येतंय,” आई म्हणाली. “तवापासून तुझ्याकडं कदी दुसरी बाजू केली न्हाई. तू मोठी झालीस, मी मनलं, आता कशाला, आता न्हाई भ्यायची ती. तर मनले, राहू दे, सवय झालीय. अन् तिला सांगू नको, लेकरू भ्यालं त्यात लेकराचा काय गुन्हा?”

ती ताटं घेऊन आत गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

मला त्यातलं काहीच आठवत नाही. ना ती किंचाळी, ना ताप, ना तो टॉवेल. तीन वर्षांच्या पोराला कुठलं आठवणार, असं मी स्वतःला सांगून बघितलं. मग हॉलमध्ये गेले आणि पाटासमोर बसले. तो गाल मीच काढला होता, त्यातली रेघ न् रेघ माझ्या हाताला पाठ होती. तरी मान वर करून त्याच्याकडे बघायला मला खूप वेळ लागला.